मानाबेंच्या मॉडेलमधला समुद्र कुणाचा? (आणि काकांना काय उत्तर देऊ?)

ओंकार_एमएस्सी

नमस्कार मंडळी,

एमएस्सी फिजिक्सचं दुसरं वर्ष. सेमिनारसाठी सरांनी २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दिलंय. तिघा मानकऱ्यांपैकी पारिसी हा विषय वर्गातल्या मैत्रिणीने आधीच पटकावला, त्यामुळे मानाबे आणि हासेलमान, म्हणजे हवामान, माझ्या गळ्यात.

मानाबेंचा वेदराल्डबरोबरचा १९६७ चा शोधनिबंध वाचला, समजलाही. हवेचा एक उभा स्तंभ घ्यायचा, किरणोत्सर्ग आणि अभिसरण यांचा हिशेब मांडायचा, कार्बन डायऑक्साइड दुप्पट करायचा. तापमान सुमारे २.३ अंशांनी वाढतं. इथवर ठीक. मग १९६९ मध्ये कर्क ब्रायन नावाचे गृहस्थ येतात, हवेच्या मॉडेलला समुद्र जोडतात, आणि तिथे माझी गाडी रुतते. इतका खटाटोप करून बदललं काय? उत्तर फिरून 'दोन-तीन अंश'च येणार ना? आणि समुद्र जर ब्रायनचा, तर त्यांचं नाव कुणीच कसं घेत नाही?

दुसरा प्रश्न घरगुती. आमचे धाकटे काका जेवताना हमखास विषय काढतात: "उद्या पाऊस आहे का ते धड सांगता येत नाही, आणि निघाले २१०० सालचं सांगायला." परवा त्यांनीच फॉरवर्ड पाठवला की अटलांटिकमधला प्रवाह २०५७ साली बंद पडणार. म्हणजे पहिल्यावर विश्वास नाही, दुसऱ्यावर आहे. मला दोन्हीपैकी एकाचंही उत्तर देता आलं नाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

बोरूबहाद्दर

नोबेल एका वेळी तिघांहून जास्त जणांना देत नाहीत. ब्रायनचा प्रश्न संपला. काकांचं तुमचं तुम्ही बघा. :)

---

खारंपाणी

ओंकार, आधी ब्रायन, मग काका.

मी पुण्यात समुद्राच्या मॉडेलवर काम करते. ज्या कोडवर माझं पोट चालतं त्याचे मूळपुरुष हेच कर्क ब्रायन, तेव्हा थोडा पक्षपात होणार हे धरून चाल.

जोसेफ स्मॅगोरिन्स्की यांनी १९५८ मध्ये मानाबेंना जपानहून अमेरिकेच्या वेदर ब्युरोत बोलावलं आणि १९६१ मध्ये ब्रायनना आणलं. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे आजची जीएफडीएल (हवा-समुद्राच्या मॉडेलांची अमेरिकी सरकारी प्रयोगशाळा), जी १९६८ मध्ये प्रिन्स्टनला गेली. समुद्राच्या पोटातली मोजमापं तेव्हा नावापुरती होती, संगणक आजच्या हिशेबात खेळण्यातले. तरी नुसत्या हवेवर भागणार नाही हे स्मॅगोरिन्स्कींनी ओळखलं होतं. मला विचारशील तर या सगळ्या कथेतला सर्वांत दूरदृष्टीचा माणूस तो.

आता अडचण बघ. चार किलोमीटर खोल पाण्यावरून लांब लाट सेकंदाला २०० मीटरच्या वेगाने जाते. तळाकडचं पाणी मात्र सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभर सरकतं. लाट गणितात पकडायची तर दर काही मिनिटांनी सगळ्या समुद्राचा हिशेब नव्याने करायला हवा, आणि खोल समुद्र स्थिरस्थावर व्हायला हजारो वर्षं लागतात. काही मिनिटांच्या पावलांनी हजारो वर्षं चालायची. त्या काळच्या यंत्रांवर हे होणं नव्हतं.

ब्रायननी समुद्रावर झाकण ठेवलं. गणितात अक्षरशः झाकणच: पृष्ठभाग वर-खाली होऊच द्यायचा नाही. त्या वेगवान लाटा नाहीशा झाल्या, पावलं लांब टाकता आली, आणि सावकाश वाहणारे प्रवाह जसेच्या तसे राहिले. झाकणाची किंमत बेटांनी चुकवली. प्रत्येक बेटाभोवती वेगळं समीकरण सोडवावं लागे, म्हणून मॉडेलवाले लहान बेटं सरळ बुडवून टाकत किंवा शेजारच्या खंडाला चिकटवून मोकळे होत! हे तंत्र त्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि त्याच वर्षी मानाबेंबरोबर हवा-समुद्राचं पहिलं जोड-मॉडेल.

त्या मॉडेलमध्ये खरी पृथ्वी नव्हती. गोलाचा एक तुकडा, त्यात अर्धी जमीन, अर्धं पाणी, किनारे पट्टीने आखलेले. हवा महाग आणि समुद्र स्वस्त, म्हणून हवेचं एक वर्ष चालवायचं आणि तेवढ्यात समुद्राची शंभर वर्षं. खरे खंड, खरे महासागर १९७५ च्या शोधनिबंधांत आले.

"बदललं काय?" हा तुझा खरा प्रश्न. १९६७ चं गणित सांगतं, शेवटी तापमान किती वाढेल. ते केव्हा वाढेल आणि कुठे वाढेल, हे समुद्राशिवाय सांगताच येत नाही. वरच्या अडीच-तीन मीटर पाण्यात जेवढी उष्णता मावते तेवढी अख्ख्या वातावरणात मावते, आणि समुद्राची सरासरी खोली ३,७०० मीटर आहे. वाढीव उष्णता तिकडे जाते. ती कुठे खाली उतरते, किती काळ दडून राहते, कुठे वर येते, हे प्रवाह ठरवतात.

सेमिनारमध्ये एकच आकृती दाखवायची मुभा असेल तर १९८९ च्या 'नेचर'मधली दाखव: स्टॉउफर, मानाबे, ब्रायन. कार्बन डायऑक्साइड वर्षाला एक टक्का वाढवत नेला. निकाल असा की उत्तरेकडची जमीन आणि आर्क्टिक भराभर तापतात, अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राचं तापमान जवळजवळ जागचं हलत नाही, आणि उत्तर अटलांटिकचा काही भाग मागे रेंगाळतो. तिथे प्रत्यक्षात काय घडतंय हे दाखवणारं निरीक्षण तेव्हा जवळजवळ नव्हतंच. पुढच्या तीन दशकांतल्या मोजमापांचा नकाशा त्याच्या शेजारी ठेव. दक्षिण महासागर मागे, आर्क्टिक पुढे, ग्रीनलंडच्या दक्षिणेला हट्टी गार ठिपका. कारणही कळण्यासारखं आहे: दक्षिणेत पश्चिमी वारे खोलातलं जुनं पाणी सतत वर ओढतात. त्या पाण्याला आपल्या धुराचा वाराही लागलेला नसतो. ते थोडी उष्णता घेतं आणि उत्तरेकडे चालू लागतं. मागून पुन्हा गार पाणी हजर.

नोबेल समितीने काय विचार केला ते त्यांनाच ठाऊक. माझ्या मते १९६७ चा शोधनिबंध एकट्यानेही नोबेलच्या तोलाचा आहे, पण 'पृथ्वीच्या हवामानाचं मॉडेल' म्हणून मानाबेंचा जो गौरव होतो त्यातला निम्मा ब्रायनच्या घरी पोचायला हवा.

एक सावधगिरी. संदर्भ शोधताना १९८६ चा 'नेचर'मधला ध्रुवाजवळच्या क्षारतेवरचा शोधनिबंध समोर येईल. ते फ्रँक ब्रायन. कर्क वेगळे. आडनाव एक, विषय एक, गाव प्रिन्स्टन. चांगले चांगले फसतात.

आता काका. त्यांना विचार, येत्या जुलैत पुण्यात मेपेक्षा जास्त पाऊस पडेल की कमी? जास्त, असं ते छातीठोक सांगतील, उद्याचं माहीत नसताना. उद्याच्या अंदाजाला आजची हवा इत्थंभूत माहीत लागते, आणि तिच्यातली बारीक चूक आठ-दहा दिवसांत सगळं उलटंपालटं करते. शतकाच्या अंदाजाला लागतो तो सूर्य, कार्बन डायऑक्साइड आणि समुद्र यांचा हिशेब. हासेलमान यांचं १९७६ चं काम इथेच बसतं: हवा रोज इकडून तिकडे हेलकावे खाते, समुद्र ते हेलकावे साठवत जातो, आणि त्यातून वर्षांचे, दशकांचे संथ चढ-उतार तयार होतात.

शिवाय ज्या मान्सूनच्या अंदाजावर काका चिडतात, त्यातही ब्रायन आहेत. त्यांचा कोड माइक कॉक्स यांनी १९८४ मध्ये सर्वांना वापरता येईल असा करून दिला. त्यातून नव्वदीत 'मॉम' हे समुद्राचं मॉडेल झालं. मॉमची चौथी आवृत्ती अमेरिकेच्या सीएफएस या मोसमी अंदाजाच्या मॉडेलमध्ये समुद्र म्हणून बसली, आणि २०१२ च्या मान्सून मिशनमधून ते सीएफएस पुण्याला, पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत आलं. त्यावरूनच पुढे आयआयटीएमने स्वतःचं पृथ्वी-प्रणाली मॉडेल उभं केलं; आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल-समितीच्या सहाव्या अहवालामागे जी जगभरची मॉडेलं आहेत, त्यांत भारताचं म्हणून तेच गेलं. झाकण मात्र केव्हाच काढलंय. बेटांना आता अभय आहे.

---

चीफसाब_गुहागर

ताई, प्रतिसाद आवडला. मी मर्चंट नेव्हीत इंजिन साइडला होतो, आता निवृत्त. मॉडेल-बिडेल कळत नाही, पण प्रवाह अंगावर घेतलेत. जुलैत सोमालियाच्या किनाऱ्याने उत्तरेला येताना पाणी स्वतःच जहाज ढकलतं, सहा-सात नॉटपर्यंत प्रवाह मिळतो. जानेवारीत त्याच जागी उलटा. आणि जुलैत रास हाफूनच्या आसपास इंजिन रूममध्ये समुद्राचं पाणी आत घेतो तिथल्या थर्मामीटरचा काटा एकदम घसरतो, २० च्या आसपास येतो. आदल्या दिवशी २७-२८ असतो. नवीन पोरं मीटर बिघडला म्हणून ठोकून बघतात. हे तुमच्या मॉडेलमध्ये दिसतं का?

---

खारंपाणी

चीफसाब, दिसतं, पण मवाळ होऊन. वाऱ्याने किनाऱ्याजवळचं पाणी लोटलं की खालचं गार पाणी वर येतं, तोच तुमचा काटा. मान्सूनबरोबर प्रवाहाची दिशा उलटणं मॉडेलला छान जमतं. पण गार पाण्याचा तो पट्टा अरुंद असतो आणि मॉडेल समुद्रावर चौकोनांचं जाळं टाकून हिशेब करतं. शतकभर चालवायच्या मॉडेलचा एक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा. त्यामुळे तुमचे २० अंश आमच्याकडे थोडे कोमट निघतात.

अरुंद जागांची गंमत सांगते. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेली बाब-एल-मांदेबची सामुद्रधुनी तुम्ही ओलांडलीच असेल. ती ३० किलोमीटरही रुंद नाही, म्हणजे आमच्या जाळ्यात ती नाहीच. मॉमच्या चौथ्या आवृत्तीच्या जाळ्यात तापमान आणि क्षार चौकोनाच्या मध्यावर मोजतात, वेग कोपऱ्यावर. एकाच चौकोनाची चिंचोळी वाट ठेवली तर चारही कोपरे किनाऱ्याला टेकतात आणि वेग शून्य! तांबडा समुद्र बंद डबकं होतो आणि खारट होत सुटतो. उपाय दोन. फाईलमध्ये जाऊन किनारा हाताने खोदायचा, किंवा जमिनीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या चौकोनांतलं पाणी गणिताने मिसळायचं. नवा मुलगा कामावर आला की मी त्याला आधी खोलीची फाईल उघडायला लावते. प्रत्येक चौकोनासाठी एक आकडा: तिथे किती थर पाणी आहे. जमीन म्हणजे शून्य. एका शून्याचा चुकून दोन झाला तर दोन समुद्र एकमेकांना मिळतात.

तुमच्या त्या थर्मामीटरचे आकडे आम्ही अजून वापरतो. उपग्रह येण्याआधीचं समुद्राचं तापमान आम्हाला जहाजांनीच दिलंय, आधी बादलीने पाणी वर ओढून, मग इंजिनच्या पाण्यातून. बादलीतलं पाणी वर येईतो थोडं निवतं आणि इंजिन रूममधलं थोडं तापलेलं असतं, तो फरक काढून टाकणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे.

---

सरळसोट

"फाईलमध्ये जाऊन किनारा हाताने खोदायचा." वा! म्हणजे उत्तर हवं तसं येईपर्यंत आकडे बदलायचे, हे तुम्हीच कबूल केलंत. मानाबेंच्या मॉडेलमध्येही खोटी उष्णता आणि खोटं पाणी घालत होते असं वाचलंय. ओंकारचे काका बरोबर आहेत.

---

खारंपाणी

किनारा खोदला कारण तिथे खरोखर पाणी आहे. चीफसाब तिथून जाऊन आलेत.

दुसरा मुद्दा मात्र वजनदार आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात हवेचं मॉडेल समुद्राला जी उष्णता आणि जो पाऊस द्यायचं, तो समुद्राला हव्या असलेल्या हिशेबाशी जुळत नसे. जोडलं की दोघं मिळून हळूहळू भलतीकडे सरकत. काही शतकांत खऱ्या पृथ्वीशी नातं उरत नसे. म्हणून पृष्ठभागावर ठरावीक उष्णता आणि गोडं पाणी वरून घालत, दर महिन्याला, दर जागी ठरलेलं. मानाबे आणि स्टॉउफर यांनी ते छापून सांगितलं, लपवलं नाही. तरी ते ठिगळच, आणि टीकाही सडकून झाली. साधारण २००० पासून ब्रिटनच्या हॅडली सेंटरच्या आणि नंतर इतरांच्या मॉडेलांनी ते ठिगळ सोडलं. जाळं बारीक झालं, भोवऱ्यांचा परिणाम नीट मांडता आला, गरज उरली नाही. ठिगळाशिवायची मॉडेलंही उत्तर-दक्षिणेचा तोच फरक दाखवतात. १९८९ ची आकृती ठिगळामुळे जमली असती तर ती इथे मोडायला हवी होती.

माझी स्वतःची शंका वेगळीकडे आहे. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी पातळ थर होऊन पसरतं. खालचं खारं पाणी त्यात मिसळत नाही, वरचं तापत राहतं, आणि वर ढग उभे राहतात. आमच्या मॉडेलचा सर्वांत वरचा थर १० मीटरचा. त्यात तो पातळ थर नीट राहतच नाही. मला मॉडेलवर टीका करायला बसवलंत तर मी इथून सुरू करीन.

---

ओंकार_एमएस्सी

ताई, अर्धा सेमिनार इथेच झाला. चीफसाब, तुमचा थर्मामीटर मी स्लाइडवर घेतोय. :)

२०५७ चं राहिलं. तो आकडा ब्रायनच्या मॉडेलमधून आलाय का?

---

खारंपाणी

कुठल्याच मॉडेलमधून नाही, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं तेच गाळलेलं असतं. डेन्मार्कच्या डिटलेव्हसेन भावंडांनी २०२३ मध्ये उत्तर अटलांटिकच्या पृष्ठभागाच्या तापमानाची १८७० पासूनची मालिका घेतली, तिच्यातले हेलकावे मोठे आणि सुस्त होत चाललेत का हे संख्याशास्त्राने पाहिलं, आणि त्यावरून पडझडीचा काळ काढला: २०२५ ते २०९५, मधला अंदाज २०५७. मालिकेचा पहिला भाग बादल्यांचा आहे, हे चीफसाबांसाठी. तो आकडा खोटा म्हणणार नाही मी, पण तारीख म्हणून तो भिंतीवर लावणार नाही.

प्रवाहाचं नाव एमॉक. वरच्या थरात उबदार खारं पाणी उत्तरेला जातं, तिथे गार होऊन बुडतं, खोलातून दक्षिणेला परततं. २६.५ अंश उत्तरेवर एप्रिल २००४ पासून नांगरलेल्या उपकरणांच्या रांगेने त्याची मोजणी चालू आहे: सरासरी १७ स्वेरड्रुप. एक स्वेरड्रुप म्हणजे सेकंदाला १० लाख घनमीटर. जगातल्या सगळ्या नद्या मिळून सव्वाच्या आसपास भरतात.

ही रांग का हवी याचा किस्सा सेमिनारात रंगेल. हॅरी ब्रायडन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जाहीर केलं की १९५७ पासून एमॉक ३० टक्क्यांनी घटला. हाताशी जहाजांच्या पाच फेऱ्या होत्या, पन्नास वर्षांत पाच. मग रांगेचं पहिल्या वर्षाचं मोजमाप आलं: त्या एका वर्षातच प्रवाह ४ पासून ३५ स्वेरड्रुपपर्यंत हेलकावला होता. पाच फेऱ्यांतली घट त्या हेलकाव्यांत सहज बसून गेली.

मॉडेलं काय म्हणतात? आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात एमॉक मंदावण्याची शक्यता अतिशय दाट. २१०० पूर्वी तो अचानक कोसळणार नाही असं ते 'मध्यम विश्वासा'ने म्हणतात. २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या गटाने आधुनिक मॉडेलमध्ये गोडं पाणी अतिशय सावकाश, हजारो वर्षं वाढवत नेऊन तो पाडून दाखवला. २०२५ मध्ये ३४ मॉडेलं तपासणाऱ्या गटाला दिसलं की टोकाच्या तापमानवाढीतही दक्षिण महासागरातले वारे पाणी वर ओढत राहतात, म्हणून तो दुबळा होतो पण पुरता थांबत नाही. आम्हा लोकांत यावर जोरदार भांडणं आहेत. मी 'मंदावेल, पण माझ्या हयातीत थांबणार नाही' या बाजूची, आणि त्यात समाधान मानत नाही. उत्तर अटलांटिक गार पडला की पर्जन्यपट्टा दक्षिणेला सरकतो. हिमयुगात तिकडे हिमनग वितळून पाणी गोडं झालं त्या काळात आपला मान्सून अशक्त होता, हे अरबी समुद्राच्या तळाच्या गाळात नोंदलेलं आहे. म्हणजे काकांचा जुलै त्यात गुंतलेला आहे.

सेमिनारला मोठं मॉडेल दाखवायला जाऊ नकोस. हेन्री स्टॉमेल यांचा १९६१ चा शोधनिबंध घे. पीएचडी न केलेला हा माणूस. दोन टाक्या, वरून एक वाट, खालून एक नळी. एक टाकी उबदार-खारी, दुसरी गार-गोडी. प्रवाह म्हणजे तापमानाच्या फरकाने पडणारा घनतेचा फरक, उणे क्षारांच्या फरकाने पडणारा. तापमानाचा फरक कायम धर, हवा तो लगेच भरून काढते. क्षारांच्या फरकात पावसाने भर पडते आणि प्रवाहाने घट होते. पायथनमध्ये वीसेक ओळींत होतं. घट काढताना प्रवाहाचं निरपेक्ष मूल्य घ्यायला विसरू नकोस, पाणी उलटं वाहिलं तरी मिसळतंच. मग गोड्या पाण्याची आवक हळूहळू वाढव: एका टप्प्याला प्रवाह कोसळेल. आता आवक त्याच टप्प्याच्या खाली आण. प्रवाह परत येणार नाही, बरंच मागे जावं लागेल. दोन्ही फेऱ्या एकाच आलेखावर काढ. पुढे १९८८ मध्ये मानाबे आणि स्टॉउफर यांना त्यांच्या भल्यामोठ्या मॉडेलमध्ये, कार्बन डायऑक्साइड तेवढाच असताना, एमॉक चालू असलेली आणि बंद असलेली अशा दोन स्थिर पृथ्वी मिळाल्या. तो निकाल या आलेखानंतर लगेच सांग. हो, आणि ठिगळाचा प्रश्न सरळसोट यांच्यासारखं कुणीतरी विचारणारच, तेव्हा ती स्लाइड तयार ठेव.

---

चीफसाब_गुहागर

आम्ही लॉगबुकात ते आकडे भरायचो तेव्हा वाटायचं हे कोण वाचतंय. ओंकार, तुझा पायथनचा आलेख झाला की इथे टाक.